शेवटचा येईपर्यंत

वेल्ह्याच्या बाजूच्या डोंगरात पावसाळ्यात मोटरसायकल घेऊन गेलं की पहिल्याच दिवशी कळतं, आडवी झालेली गाडी एकट्याने उचलता येते ती एकदा, फार तर दोनदा. हिमालयन ही गाडी सुमारे 200 किलोंची. एक्सपल्स तिच्यापेक्षा हलकी, तरी दीडशेच्या वर. सपाट जमिनीवर हँडल धरून, पाय रोवून ती उभी करता येते. पण ओल्या घसाऱ्यावर चाकं चढाकडे आणि सीट उताराकडे गेलेली असेल, तर आधी ती फिरवून चाकं खाली आणावी लागतात. तोवर हेल्मेटच्या आत वाफ दाटलेली असते, दंडातलं बळ संपलेलं असतं. अशा वेळी मागून कुणीतरी येतो, आपली गाडी स्टँडवर लावतो आणि काही न विचारता तुमच्या गाडीचा कॅरिअर धरतो. डोंगरातल्या रायडरांच्या मैत्रीचा पाया मला या वजनात दिसतो. महामार्गावर दहा जण शंभर मैल एकत्र जातात, पण चहाच्या टपरीपर्यंत कुणाला कुणाची गरज पडत नाही. इथे ती दर अर्ध्या तासाला पडते.

गरजेतून शिस्तही येते. डोंगरात वाटा पावलोपावली फुटतात, मोबाइलला रेंज नसते. म्हणून एक साधी रीत पाळतात. फाटा आला की पुढचा वाटाड्या थांबत नाही, त्याच्या मागचा थांबतो. तो तिथे उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो. सगळ्यांच्या मागे एक अनुभवी रायडर असतो, त्याला स्वीप म्हणतात. तो दिसला की फाट्यावरचा निघतो. पुढच्या फाट्यावर दुसरा कुणी उभा राहतो. नकाशा एकालाच ठाऊक असला तरी चालतं, पण उभं राहणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. मी असा तासभर उभा राहिलेलो आहे. पाऊस कोसळत असतो, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि तुम्ही कान देऊन एका इंजिनाच्या आवाजाची वाट पाहत असता. इतक्या एकाग्रतेने आपण दुसऱ्या माणसाची वाट एरवी कधी पाहतो?

अपघात म्हणावेत असे प्रसंग बहुतेक वेळा लहानच असतात. बारामती-फलटणकडच्या काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की ती टायर आणि मडगार्डच्या मधे दाबून भरते आणि पुढचं चाक जागीच अडकतं. चिखलातल्या गाड्यांचं मडगार्ड एवढं उंच बसवतात ते याचसाठी. ओढ्यात गाडी आडवी झाली आणि इंजिनात पाणी गेलं, तर स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. आधी प्लग काढायचा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकायचं. क्लचच्या लिव्हरचा क्लँप जाणते लोक पूर्ण आवळत नाहीत. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. मला हे बारकावे मनापासून आवडतात, कारण ते पुस्तकातून आलेले नाहीत. कुणीतरी आधी पडला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

हे फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही. ऑस्ट्रियात आयझेनएर्त्स या गावी लोखंडाच्या उघड्या खाणीत 1995 पासून एर्झबर्ग रोडिओ नावाची शर्यत होते. अंतिम फेरीला 500 रायडर सुटतात, मुदत चार तासांची. वेळेत पोचतात ते थोडेच. 2015 साली आयोजकांनी शेवटाकडे झाडीतला एक उभा चढ घातला, डाउनटाउन नावाचा. ग्रॅहम जार्विस, जॉनी वॉकर, आल्फ्रेडो गोमेझ आणि आंद्रेआस लेटनबिखलर हे त्या काळातले चार दिग्गज तिथवर आले आणि तो चढ एकट्याने पार होणार नाही हे त्यांना कळून चुकलं. मग चौघे मिळून एकेक गाडी वर ओढू लागले आणि शेवटी बरोबरच रेषेवर आले. चौघेही विजेते ठरले. ही शर्यतच नव्हे, असं कुणी म्हणू शकेल. मला मात्र त्या दिवशी या खेळाचं मूळ रूप दिसलं. फाट्यावर उभं राहण्याची आमची रीत तिथे जगातल्या चार सर्वोत्तम माणसांनी पाळली होती.

डकार रॅलीत तर थांबण्याची किंमत सेकंदांत मोजली जाते. पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्व्हिस 2016 मध्ये आघाडीसाठी झुंजत होता. मांडीचं हाड मोडून पडलेला मथियास वाल्कनर त्याला वाटेत दिसला. गोन्साल्व्हिस थांबला, वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याच्याजवळ राहिला. मदतीत गेलेला वेळ आयोजक परत देतात, तो त्यालाही मिळाला. चार वर्षांनी, 12 जानेवारी 2020 रोजी सौदी अरेबियाच्या वाळवंटात, तोच गोन्साल्व्हिस भारताच्या हिरो संघाकडून धावताना पडला आणि वाचला नाही. त्याच्याजवळ थांबून धडपडणारा टोबी प्राइस हा आदल्याच वर्षीचा विजेता होता. हिरोच्या संघाने तिथेच शर्यत सोडली.

हे सगळं मी अभिमानाने सांगत असे. मग एका जुलैत आम्ही सहा जण भोरकडच्या एका खिंडीत गेलो. आमच्यातला सर्वांत लहान मुलगा, नवी गाडी घेऊन आलेला, चढाच्या पायथ्याशी थांबला. पाच जण वर पोचले होते. तो बराच वेळ वर बघत राहिला. मी वरून ओरडलो, ‘‘जाईल रे, थ्रॉटल सोडू नकोस फक्त!’’ तो निघाला. अर्ध्यात पुढचं चाक उचललं गेलं आणि तो गाडीसकट मागे आला. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. आम्ही पंच्याने त्याचा हात गळ्यात बांधला, दोघांनी दोर लावून गाडी उतरवली. खालच्या वाडीतले एक मामा भाताची लावणी अर्ध्यावर टाकून आले आणि बांधाबांधाने आम्हाला जीपच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेले. त्यांच्या खाचराच्या बांधावर आमच्या टायरांच्या खुणा सकाळपासून होत्याच. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

तो पडल्यावर आम्ही सगळे धावलो, यात शंका नाही. पण पडण्याआधी तो जो वेळ वर बघत उभा होता, तेव्हा त्याच्यासाठी कुणीच थांबलं नव्हतं. वर उभे असलेले पाच जण, त्यांची इंजिनं, माझी आरोळी, या सगळ्याचा भार त्याच्यावर होता. आमच्या प्रेमानेच त्याला चढावर ढकललं. डोंगरातले निम्मे अपघात चिखलाने किंवा कातळाने होत नाहीत, मागे राहण्याच्या लाजेने होतात, असं आता मला वाटतं. आणि ती लाज परके देत नाहीत, आपलीच माणसं देतात. एकमेकांना उचलण्यात आम्ही इतके तरबेज झालो होतो की पडणं आम्हाला स्वस्त वाटू लागलं होतं.

पुढच्या वर्षी तो परत आला. तीच खिंड, तसाच पाऊस. आम्ही बांध टाळून बैलगाडीच्या वाटेने गेलो, मामांच्या दारात थांबून त्यांना भेटलो. पायथ्याशी पोचल्यावर या वेळी कुणी पुढे गेलं नाही. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. त्याने हेल्मेट काढून चढाकडे पाहिलं. पाण्याचा आवाज येत होता, बाकी शांत होतं.

‘‘मी नाही जात,’’ तो म्हणाला.

आम्ही गाड्या फिरवल्या. खालून वळसा घालून जाणारी वाट बारा किलोमीटर लांबची आहे. पहिल्या फाट्यावर तो उतरला, गाडी स्टँडवर लावली आणि हात वर करून उभा राहिला.