अदृश्याला जामीन कोण?

कीर्तनात, व्याख्यानमालेत आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. कृष्णविवर कुणी पाहिलेलं नाही, पाहता येणारही नाही, तरी शास्त्रज्ञ ते आहे म्हणतात आणि आपण मान डोलावतो. मग देव दिसत नाही म्हणून तो नाकारायचा कशाला? नुसती टर उडवून हा युक्तिवाद निकालात निघत नाही, कारण त्यातलं पहिलं विधान खरं आहे. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जगभर छापून आलेलं एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातलं ते नारिंगी कडंसुद्धा विवराभोवतीच्या तप्त वायूचं आहे. ते रेडिओलहरींच्या नोंदींवर आकडेमोड करून तयार केलं, आणि नारिंगी रंग माणसांनी आपल्या सोयीने भरला. खोट आहे ती पुढच्या पायरीत. जे जे दिसत नाही ते सगळं एकाच पंगतीला बसवायचं का? माझं म्हणणं असं, की एखादी अदृश्य वस्तू मानताना ‘ती नसती तर काय वेगळं दिसलं असतं’ हे आधी सांगता येतं का, यावर तिची पंगत ठरते. कृष्णविवराबद्दल ते सांगता येतं. देवाबद्दल बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि त्यात देवाचा काही कमीपणा आहे असंही मला वाटत नाही.

याचा उत्तम दाखला कोकणच्या किनाऱ्यावरच आहे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत विजयदुर्ग किल्ला रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. किल्ल्यावर काही चौथरे आहेत, त्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हा साहेब म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी तो दुर्बिणी आणि वर्णपट घेण्याची यंत्रं घेऊन इथे उतरला. मदतीला आरमारी जहाजावरचे खलाशी होते, आणि खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. या ओट्यांना एक कथा चिकटली आहे, की हेलियमचा शोध लॉकियरने इथेच १८६८ मध्ये लावला. अभिमान म्हणून ती गोड आहे, पण खरी नाही. १८६८ च्या ऑगस्टमधलं ग्रहण फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता, आणि त्याने ऑक्टोबरात, ग्रहणाविनाच, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या रेषांजवळची, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी. तिच्यावरून त्याने सूर्यात एक नवं मूलद्रव्य असल्याचं अनुमान केलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. कुणी न पाहिलेला, कुप्पीत न भरलेला पदार्थ केवळ एका रेषेवरून कसा मानायचा?

पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात, सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा सापडली. तीही कशाशीच जुळेना. त्याच रीतीने, त्याच आत्मविश्वासाने तिच्यासाठीही एक मूलद्रव्य कल्पिलं गेलं, कोरोनियम. दोन रेषा, दोन अदृश्य द्रव्यं, अनुमानाची पद्धत एकच. १८९५ मध्ये विल्यम रॅम्सेला युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा मिळाली आणि हेलियम पृथ्वीवर सापडला. कोरोनियम काही सापडेना. लॉकियर विजयदुर्गला आला तेव्हा पहिल्याचा निकाल लागून तीन वर्षं झाली होती, दुसऱ्याचा खटला चालूच होता, आणि प्रभामंडळाचा वर्णपट घेणं हे त्या मोहिमेतलं एक महत्त्वाचं काम होतं. तो निकाल लागायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. हिरवी रेषा निघाली साध्या लोखंडाची, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांहून जास्त असल्याशिवाय लोखंडाची अशी दशा होत नाही. कोरोनियम संपलं. त्याच्यासाठी कुणी उपोषण केलं नाही. हेलियम खरा ठरला एवढंच सांगून विज्ञानाचे गोडवे गाणारे अर्धीच गोष्ट सांगतात. माझ्या लेखी कोरोनियमचं मरण त्याहून मोलाचं आहे. जी पद्धत आपलंच अपत्य असं सोडू शकते, तिने जिवंत ठेवलेल्या गोष्टीला काही अर्थ असतो.

आता कृष्णविवराकडे बघू. थोरामोठ्यांच्या शब्दावर ते चालत आलं असा कुणाचा समज असेल तर इतिहास उलटा आहे. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत नामांकित ज्योतिर्विद एडिंग्टनने तरुण चंद्रशेखरांच्या गणिताची जाहीर खिल्ली उडवली, कारण त्या गणिताचा शेवट अशाच एका वस्तूत होत होता. १९३९ मध्ये खुद्द आइनस्टाइनने निबंध लिहून अशी वस्तू निसर्गात घडणार नाही असं म्हटलं. आप्तवाक्य विरोधात होतं. बाजू फिरवली पुराव्याने. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एस-२ नावाचा तारा सुमारे सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२० पट दूर होता आणि सेकंदाला सात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होता. त्याची कक्षा मांडली की केंद्रात ४० लाखांहून अधिक सूर्यांचं वस्तुमान निघतं, आणि तिथे तेवढ्या वस्तुमानाला साजेसा उजेड नाही. यावर एक रास्त शंका घेता येते: ती जागा म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचा दाट पुंजका असेल तर? पण एवढ्याशा जागेत असा पुंजका टिकत नाही, तो विस्कटतो किंवा कोसळतो.

दुसरा पुरावा मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यात ‘नसती तर काय दिसलं असतं’ हे अगदी उघड आहे. न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर दोघेही शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतात आणि दोघांच्या भोवतालून क्ष-किरण येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेली उपकरणं घेऊन २०१५ मध्ये उडालेला ॲस्ट्रोसॅट उपग्रह असेच स्रोत न्याहाळत आला आहे. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. त्यावर वायूचा थर साचतो, तापतो आणि मधूनच अणुस्फोटासारखा भडकतो. कृष्णविवराला असा पृष्ठभाग नसल्याने भडका उडायला जागाच नाही. वस्तुमान मोजून ज्यांना कृष्णविवर ठरवलं आहे, त्यांच्यापैकी एकावरही असा भडका आजवर नोंदलेला नाही. उद्या नोंदला गेला, तर ती वस्तू त्या दिवसापासून कृष्णविवर राहणार नाही. आपल्याकडचे न्यायदर्शनाचे अभ्यासक, म्हणजे नैयायिक, हेच फार पूर्वी शिकवून गेले. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखायचा तर स्वयंपाकघराचं उदाहरण पुरत नाही, तळ्याचंही लागतं, जिथे अग्नी नाही आणि धूरही नाही. त्या तळ्याला ते विपक्ष म्हणतात. न्यूट्रॉन तारा हा कृष्णविवराचा विपक्ष आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पकडलेल्या गुरुत्वलहरीतही हीच तऱ्हा दिसते. एकमेकींपासून तीन हजार किलोमीटरवरच्या यंत्रांवर सात मिलिसेकंदांच्या फरकाने तोच थरकाप उमटला. गोंगाटातून अशी लहर निवडायच्या गणिताचा मोठा वाटा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं घासून तयार केला होता. लहरीवरून निघालं ते असं: मिळून सुमारे ६५ सूर्यांच्या वजनाच्या दोन वस्तू मिसळण्याआधी एकमेकींभोवती गरगरत होत्या, आणि शेवटी त्यांच्यातलं अंतर रत्नागिरी-मुंबई रस्त्याएवढं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास उरलं होतं. सूर्याचा एकट्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर आहे. न्यूट्रॉन तारा दोन-तीन सूर्यांहून जड होऊच शकत नाही. उरतं काय?

यावरचा खरा आक्षेप निराळा आहे. वाचकाने लायगोची लहर पाहिलेली नसते, एस-२ ची कक्षा मांडलेली नसते. तो वर्तमानपत्रावर विश्वास ठेवतो. म्हणजे हेही शब्दप्रमाणच झालं, आणि शब्दप्रमाणावर श्रुतीही उभी आहे. हे मान्य करायला हवं. आपल्यातल्या नव्व्याण्णव टक्क्यांसाठी विज्ञान हे आप्तवाक्यच आहे. फरक आप्ताच्या वागण्यात आहे. लायगोच्या नोंदी कुणालाही उतरवून घेता येतील अशा खुल्या ठेवलेल्या आहेत आणि परक्या गटांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी महास्फोटाच्या सिद्धांताला जन्मभर विरोध केला, तरी त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही. आयुका त्यांनीच उभी केली. जो आप्त आपली वही उघडी ठेवतो आणि विरोधकाला घरात घेतो त्याच्या शब्दाला जास्त वजन द्यावं, एवढाच माझा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार. विवराच्या सीमेच्या आत काय आहे हे बाहेर कधीच कळणार नसेल, तर आतल्या भागाबद्दलची विधानं श्रद्धाच नव्हेत का? इथे मी अर्धी शरणागती पत्करतो. केंद्रात घनता अनंत होते असं समीकरण सांगतं तेव्हा ते बहुधा स्वतःचंच दिवाळं जाहीर करत असतं. आतल्या भागाविषयी बोलताना शास्त्रज्ञांनी आवाज खाली आणावा, आणि चांगले शास्त्रज्ञ तो आणतात. गीतेतल्या विश्वरूपाच्या मुखांत किंवा पुराणातल्या एखाद्या अंधारात कृष्णविवर ‘आधीच होतं’ म्हणणाऱ्यांना मात्र ही मुभा देता येत नाही. शोध लागल्यावर वचन सापडतं, वचनावरून शोध लागत नाही, हा क्रम अजून एकदाही उलटलेला नाही.

आपल्याकडे अदृश्याचे सगळे प्रकार एका पंचांगात सापडतात. राहू दिसत नाही. पण राहू म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला छेदते तो बिंदू असं धरलं, की ग्रहणाची वेळ मिनिटात सांगता येते, आणि चुकली तर सगळ्या गावाला कळते. मेष राशीचा आरंभ कुठे मानायचा हाही बिंदू अदृश्यच, पण तो संकेताचा मामला आहे. म्हणून रत्नागिरीतल्या टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात आणि आकाश कुणाचीच बाजू घेत नाही. तिसरा प्रकार म्हणजे कुंडलीतला राहू. कुंडली कितपत खरी ठरते हे पाहायला २००८ मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका नावांशिवाय वेगळ्या करायला दिल्या होत्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. हे कोरोनियम आपण अजून सोडलेलं नाही.

मग देव कुठल्या पंगतीत? लायगोची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. याच औंढ्यात पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर नामदेवांना म्हणाले अशी कथा आहे, की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा मिळाली नाही. नैयायिकाच्या भाषेत, विसोबांच्या देवाला विपक्षच नाही. ज्याच्या अभावाची जागा दाखवता येत नाही, त्याचं अनुमान होत नाही आणि खंडनही होत नाही. हा देव जगण्याची रीत बदलतो, नामदेवांची बदललीच. त्याला कृष्णविवराची साक्ष काढण्याची गरज नाही, आणि कृष्णविवराच्या नावाने त्याला खोटं पाडू बघणाऱ्या नास्तिकाचीही तीच चूक होते. पण जो देव, ग्रह किंवा बाबा अमुक केल्याने तमुक होईल असं सांगतो, त्याने हेलियम आणि कोरोनियमच्या रांगेत उभं राहावं. त्याला सवलत नाही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर रत्नागिरीत खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ऐन पावसाळा असल्याने ढग पाहू देतील याची हमी कुणी देऊ नये. उघडीप मिळाली तर ग्रहणाचा चष्मा लावून पंचांगातली वेळ घड्याळाशी ताडून बघा, आणि त्याच पंचांगातलं तुमचं राशिभविष्यही वर्षअखेरीस तेवढ्याच कसोशीने ताडून बघा.