जुळलेला ताळा

द्विनोंदी जमाखर्चाचे पहिले पाठ संगणकावर देऊं लागल्यापासून एक प्रश्न माझ्या मनास सारखा टोंचीत आहे. ज्याला चुकण्याची मुभाच ठेविली नाहीं, तो प्रामाणिक आहे असें म्हणतां येईल काय?

कागदी वह्यांच्या काळीं नवशिक्याची तेरीज पहिल्या खेपेस क्वचितच जुळे. दोन बाजूंतील फरकास नवानें भाग गेला, कीं कोठेंतरी ५४ च्या जागीं ४५ असे अंक उलटले असतील या संशयानें तो रोजकीर्द चाळूं लागे. त्या शोधांत प्रत्येक रकमेशीं त्याची पुन्हा गांठ पडे. ती कोणाकडून आली, कोठें गेली, नांवें कां आणि जमा कां. (नऊ रुपयांनीं मला एकदां सारी रात्र जागविलें आहे.) टॅलीसारखी प्रणाली दोन बाजू असमान असलेली नोंद घेतच नाहीं; खतावणी व तेरीजही तीच करिते. दुकानदाराचे हे कष्ट वांचले याचें मला दुःख नाहीं. पण वर्गांत काय झालें? आपण होऊन ओरडणारी चूक गेली. मुकी चूक तशीच राहिली. चाळीस हजारांचें यंत्र दुरुस्तीखर्चांत टाकलें, तरी दोन्ही बाजू समानच राहतात. खोटा ठरतो तो नफा.

एका विद्यार्थ्यानें आरंभींच्या शिलका भरल्या, तेव्हां ताळेबंदांत १,८०० रुपयांचा फरक दिसूं लागला. घटकाभरानें तो नाहींसा झाला. "सर, जुळलं!" फरकाची रक्कम त्यानें मालकाच्या भांडवलांत मिसळली होती. उचंत खात्यांत कां टाकली नाहीं, असें मीं विचारलें. "मग ती दिसत राहिली असती, सर." म्हणजे मुलास सर्व समजलें होतें! मला रागावतां आलें नाहीं. जुळलेल्या उत्तरास पुरे गुण देऊन हा धडा मींच अनेक वर्षें शिकविला होता.

१४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत ही पद्धति मांडणारा लुका पाचोली हा संन्यासी होता. वह्यांचा आरंभ देवाच्या नांवानें करावा असें तो सांगतो. नुसत्या ताळ्यानें भागत नाहीं हें त्यास ठाऊक असावें. ७ जानेवारी २००९ रोजीं सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं कबुलीपत्र दिलें. रोकड व बँक शिल्लक म्हणून दाखविलेले ५,०४० कोटी रुपये मुळांत नव्हतेच. तोंवर ताळेबंद दरवर्षीं जुळतच होता. आतां १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीनें प्रत्येक फेरफार तारखेसह टिपून ठेविला पाहिजे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण पहिलीच नोंद खोटी असेल, तर टिपण्यासारखा फेरफार तरी कोठला?

हल्लीं पहिले सहा आठवडे मी कागदावरच काम करवितों. त्यांतील एका उदाहरणांत एक पावती मुद्दाम गाळलेली असते. फरक उचंत खात्यांत दाखवून त्याचें कारण लिहावें, एवढीच अपेक्षा. या वर्षींही बहुतेक वह्या माझ्याकडे पूर्ण जुळून आल्या.