डोंगर कोणाच्या हद्दीत?

सिंधू नदीच्या पश्चिमेला, सुलेमान पर्वताच्या दक्षिण टोकाशी उघडेबोडके डोंगर आहेत. पाऊस नावापुरता. तिथे मर्री आणि बुगटी या बलोच टोळ्या राहत. शेळ्यामेंढ्या पाळायच्या, जमेल तिथे ज्वारी पेरायची आणि हात आखडला की खालच्या मैदानात उतरून धाड घालायची, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्याशी कसं वागायचं हे खाली राहणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तुमणदाराला, म्हणजे टोळीच्या प्रमुखाला भेटायचं, जिरगा, म्हणजे टोळ्यांची पंचायत, बसवायचा आणि गेलेल्या जनावरांचा, सांडलेल्या रक्ताचा हिशेब करायचा.

एकोणिसाव्या शतकात या डोंगरांना इंग्रजी राज्य दोन बाजूंनी येऊन भिडलं. 1843 साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि 1847 साली तो मुंबई इलाख्याला जोडला. 1849 साली पंजाब घेतला. अशा रीतीने मर्रींच्या बंदोबस्ताचा प्रश्न मुंबईच्या सरकारी दप्तरातही जाऊन पोचला. सिंधमधल्या जेकबाबादेत लिहिलेला अहवाल कराचीला जायचा, तिथून मुंबईला, मग कलकत्त्याला. पंजाबातल्या डेरा गाझी खानात लिहिलेला लाहोरमार्गे कलकत्त्याला पोचायचा. डोंगर एकच, पण त्याची हकिगत दोन वाटांनी जाई आणि दोन्ही वाटांनी ती वेगळी होऊन पोचे.

सिंधकडच्या अधिकाऱ्यांचा पाठ जनरल जॉन जेकबने घालून दिलेला होता. आपल्या हद्दीत गस्त इतकी कडक ठेवायची की धाड घालणं परवडू नये, आणि हद्दीपलीकडच्या माणसांचा धनी एकच मानायचा, तो म्हणजे कलातचा खान. 1854 च्या तहाने खानाला वर्षाला 50,000 रुपये मिळू लागले. त्या बदल्यात त्याने टोळ्यांना आवर घालायचा आणि व्यापाऱ्यांची वाट राखायची. पंजाबकडचे अधिकारी म्हणत, खानाचा हुकूम या डोंगरात चालतो कुठे? टोळ्या स्वतंत्र आहेत, त्यांच्याशी थेट बोला. पण त्यांच्यावरही एक बंधन होतं. अधिकाऱ्याने हद्द ओलांडून डोंगरात जायचं नाही.

रॉबर्ट सँडमन 1866 साली डेरा गाझी खानाचा डेप्युटी कमिशनर झाला. पुढच्याच जानेवारीत गुलाम हुसेन बुगटी याने मोठी टोळी घेऊन पंजाबातल्या हर्रंडवर धाड घातली आणि त्या लढाईत तो मारला गेला. सँडमनने त्यानंतर तुमणदारांना बोलावून घेतलं, मर्री सरदार गझन खान याच्याशी बोलणं केलं, टोळ्यांमधले घोडेस्वार पगारावर ठेवले आणि तो स्वतः हद्द ओलांडून डोंगरात गेला. पंजाबातल्या धाडी थांबल्या. इथवर सारं ठीक.

पण पगार पंजाब देत होता, तेव्हा शांतताही पंजाबपुरतीच राहिली. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला कच्छीचं मैदान होतं. ते खानाचं, आणि सिंधला लागून. मर्रींचे घोडे आता तिकडे वळले. सिंधचा कमिशनर सर विल्यम मेरवेदर संतापला आणि त्याचा संताप खोटा नव्हता. ज्यांना एक इंग्रज अधिकारी पगार देतो, तेच लोक दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दोस्ताचा मुलूख लुटतात, याला राज्यकारभार कसं म्हणायचं? मेरवेदर जेकबच्या हाताखाली तयार झालेला होता. 1847 साली, तरुण लेफ्टनंट असताना, सिंध हॉर्सच्या शे-सव्वाशे स्वारांनिशी त्याने बुगटींवर चाल केली होती आणि त्या दिवशी शेकडो बुगटी मारले गेले होते. हे लोक काय आहेत ते मला कुणी शिकवू नये, असं त्याला वाटत असणार. आणि सँडमनला वाटत असणार की ज्याने या लोकांना तलवारीच्या टोकावरूनच पाहिलं, त्याने मला काय शिकवावं?

दोघेही हुशार, कष्टाळू, आणि दोघांनाही सीमेवर शांतता हवी होती. त्यांच्या भांडणाचा मला खेद वाटतो तो यामुळेच. त्यांच्यातला एक जण लुच्चा असता, तर गोष्ट सोपी झाली असती.

1871 च्या फेब्रुवारीत सिंधूकाठी मिठणकोटला दोन्ही सरकारांचे वरिष्ठ अधिकारी बसले. एकाच डोंगराला दोन धोरणं चालणार नाहीत, एवढं सगळ्यांनाच पटलं होतं. निकाल लागला तो असा : मर्री आणि बुगटी हे खानाची प्रजा आहेत, हे सिंधचं म्हणणं मान्य. त्यांच्याशी थेट व्यवहार ठेवायचा, हे पंजाबचं म्हणणंही मान्य. हा व्यवहार सँडमनने पाहायचा, मात्र त्यापुरता तो मेरवेदरच्या हुकमाखाली राहील.

कागदावर हा तोडगा सुबक दिसतो. प्रत्यक्षात एका माणसाला दोन वरिष्ठ मिळाले : जिल्ह्याच्या कामासाठी लाहोर, डोंगराच्या कामासाठी कराची. आणि ज्याचं तत्त्वच चूक आहे असं सँडमनला मनापासून वाटत होतं, त्याच्याच सहीची वाट त्याने पाहायची होती. मिठणकोटला हद्दींचा, हुकमांचा, पत्रव्यवहाराचा खल झाला. धाडी का पडतात, खान आणि त्याचे सरदार यांच्यात कशावरून फाटलं आहे, हे मात्र बाजूलाच राहून गेलं. अधिकार कोणाचा हे एकदा ठरलं की काम आपोआप होईल, अशी समजूत त्या बैठकीत होती. अशा बैठका आजही भरतात, म्हणून हे जरा थांबून सांगितलं.

फाटलं होतं ते खोलवर. खान मीर खुदादाद खान आपल्या सरदारांना नोकर समजत होता. सरदारांच्या लेखी खान हा बरोबरीच्यांमधला पहिला होता आणि त्यांच्या जमिनी, त्यांचे मान त्याने हिरावले होते. 1871 सालीच सरावानचे सरदार बंड करून उठले. आता गंमत नव्हे, दुःख असं की सिंधच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांतही एकवाक्यता उरली नाही. उत्तर सिंध सीमेचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट कर्नल रॉबर्ट फेअर म्हणू लागला की दोष खानाचा आहे, सरदारांची गाऱ्हाणी खरी आहेत. मेरवेदर खानाच्या बाजूने. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांचं जाहीर बिनसलं आणि फेअरला तिथून जावं लागलं. मराठी वाचकाला हा फेअर परका नाही. बडोद्यात मल्हारराव गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून जाऊन बसला आणि ज्याच्यावर 1874 साली विषप्रयोग झाल्याचा खटला पुढे गाजला, तो हाच. त्याचा ताठा बडोद्याने पुरता पाहिला. पण कलातच्या बाबतीत त्याचं म्हणणं विचारात घेण्यासारखं होतं, आणि ते आज्ञाभंगाच्या प्रकरणात बुडून गेलं.

या काळात व्यापाऱ्यांच्या वाटेवर, कंदाहारहून खाली येणाऱ्या बोलन घाटात काय चाललं होतं? एखाद्या शिकारपुरी सावकाराचा काफिला डोळ्यांसमोर आणा. त्याचं नाव कुठल्या अहवालात नाही, पण असे पुष्कळ होते. कंदाहारचा सुकामेवा, लोकर, हिंग त्याच्या उंटांवरून खाली यायचा. घाटात माल लुटला गेला तर त्याने जायचं कुणाकडे? जेकबाबादेत सांगणार, खानाला लिहितो. खान म्हणणार, मर्री माझं ऐकत नाहीत, ते डेरा गाझी खानचा पगार खातात. डेरा गाझी खानात सांगणार, कराचीहून हुकूम आल्याशिवाय मला हलता येत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्याची गत. आणि धाड घालणाऱ्याला नेमकं उलट, दोन्ही घरी ताट वाढलेलं. हळूहळू उंट येईनासे झाले आणि बोलनची वाट जवळजवळ बंद पडली.

1873 साली इंग्रजांनी कलातमधला आपला अधिकारी परत बोलावला आणि खानाचे पैसे थांबवले. ज्या खानाचा कैवार घेण्यात मेरवेदरची वर्षं गेली, त्याच्याविरुद्ध बळ वापरावं असं आता तोच सुचवू लागला. आपलं धोरण अपुरं पडलं असेल, ही शंका त्याच्या लिहिण्यात शिरत नाही.

अखेर 1875 च्या नोव्हेंबरमध्ये सँडमनला डोंगरात जाण्याची परवानगी मिळाली. रोझानचा मझारी सरदार इमाम बख्श खान आणि इतर बलोच सरदार त्याच्याबरोबर होते. सोबत फौज म्हणावी अशी नव्हती, होते ते सरदारांचे स्वार. ज्यांच्यावर राज्य करायचं, त्यांच्याच भरवशावर तो त्यांच्या मुलखात शिरला. वाटेत खानावर रुसलेले ब्राहुई सरदार येऊन भेटले आणि आपलं गाऱ्हाणं खानापुढे मांड म्हणाले. सँडमन त्यांना घेऊन थेट कलातला गेला. समेट काही झाला नाही, कारण तो घडवण्याचे अधिकारच त्याच्याकडे नव्हते. मेरवेदरने मोहीम फसली असं ठरवलं. कलकत्त्याने मात्र सँडमनलाच पुन्हा पाठवलं, आणि या खेपेला अधिकार देऊन.

1876 च्या एप्रिलमध्ये तो निघाला, यावेळी बरोबर मोठी फौज घेऊन. व्यापाऱ्यांचे उंट त्याच्या मागोमाग बोलन चढले. खान आणि सरदार यांची बोलणी महिनोन्‌महिने चालली. जुन्या जमिनी, जुने मान, जुने खून एकेक करून पुढे आली आणि जुलैमध्ये मस्तुंगच्या दरबारात दोन्ही बाजूंनी समेट मान्य केला. धीराने ऐकून घेणारा माणूस तिथे बसला, म्हणून हे झालं. सँडमनचं हे श्रेय मी कमी करणार नाही.

पण तो समेट घडवणारा माणूस साम्राज्याचा नोकर होता, हेही विसरून चालणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जेकबाबादला तह झाला. खानाची वर्षाची रक्कम 1 लाख रुपये झाली आणि त्याच्या राज्यात इंग्रजांची फौज ठेवण्याचा हक्क लिहून घेतला गेला. मर्री कोणाचे, या वादात कराची आणि लाहोर यांनी इतकी वर्षं घालवली, आणि त्याचं उत्तर शेवटी असं निघालं की खान, सरदार, डोंगर, घाट सगळे एकाच धन्याचे. ज्यांच्यासाठी न्याय मागायचा म्हणून दोन्ही अधिकारी भांडले, त्यांच्यापैकी कोणालाही हे उत्तर हवं होतं का, असं कुणी विचारल्याचं दिसत नाही.

मेरवेदर लंडनला इंडिया कौन्सिलवर गेला. सँडमन 1877 साली बलुचिस्तानात गव्हर्नर जनरलचा एजंट झाला आणि 1892 साली लासबेल्यात वारला. 1883 साली खानाने क्वेट्टा वर्षाला 25,000 रुपयांना आणि बोलनची जकात 30,000 रुपयांना इंग्रजांच्या हवाली केली. 1893 साली त्यांनी खुदादाद खानाला गादीवरून उतरवलं आणि त्याच्या मुलाला तिथे बसवलं. या वेळी कोणत्या अधिकाऱ्याचा हुकूम चालावा, यावर वाद झाला नाही.