पिवळ्या पानाकडे किती वेळ पाहावे?

आपल्या महाराष्ट्रात शरद ऋतूत झाडे रंग बदलत नाहीत. पाऊस सरतो, माळावरचे गवत वाळते, पण पानगळ येते ती शिशिरात, आणि तीही बहुधा मातकट रंगाची. काश्मीरमध्ये याच शरदाला ‘हरूद’ म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीस श्रीनगरच्या नसीम बागेतील जुने चिनार आधी पिवळे, मग केशरी आणि शेवटी विटेसारखे तांबडे होतात. तेथील नक्काशांनी आणि भरतकाम करणाऱ्यांनी चिनाराचे हे पान पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कलेत जपले आहे.

श्रद्धावंताने या कलेकडे कसे पाहावे? जे नष्ट होत आहे त्यात सौंदर्य शोधणे आणि ते रंगांत धरून ठेवू पाहणे, ही गफलत तर नव्हे? हा प्रश्न पोकळ नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अज्‌-जुमरमधील २१ वी आयत पावसाने तरारलेल्या, नंतर पिवळ्या पडून चुरा होणाऱ्या पिकाकडे आपले लक्ष वेधते आणि बुद्धिमंतांना त्यातून बोध घ्यायला सांगते. पिवळा रंग येथे इशारा आहे. त्या रंगातच रमणारा चित्रकार धोक्याच्या पाटीची अक्षरे सुरेख आहेत म्हणून तिच्यापाशीच थबकलेल्या वाटसरूसारखा वाटू शकतो.

परंतु सूरह फातिरच्या २७ व्या व २८ व्या आयतीही समोर ठेवा. तेथे फळांचे, डोंगरांतील पांढऱ्या, तांबड्या व काळ्या पट्ट्यांचे, माणसांचे आणि जनावरांचे निरनिराळे रंग सांगून झाल्यावर लगेच उल्लेख येतो तो ज्ञानी लोकांच्या ईशभयाचा. रंग आणि ज्ञान यांची ही जवळीक मला फार मोलाची वाटते. वरवर पाहणाऱ्याला रंग भुलवतो. जो निरखून पाहतो त्याला तो काही शिकवतो.

पानाचेच पाहा. उन्हाळाभर पानाला हिरवे ठेवणारे हरितद्रव्य थंडीच्या चाहुलीने विघटित होऊ लागते आणि खालचा पिवळा रंग उघडा पडतो. तो नव्याने येत नाही; तो आधीपासूनच पानात होता, हिरव्याखाली झाकलेला. लाल छटा मात्र पुष्कळ झाडांच्या पानांत त्याच दिवसांत तयार होते. या काळात झाड पानातील नत्रासारखी पोषकद्रव्ये परत ओढून घेत असते. म्हणजे पान गळण्याआधी आपल्याजवळची अमानत परत करते, आणि आपण ज्याला शरदाची शोभा म्हणतो ती त्या परतफेडीच्या दिवसांतली असते. एकही पान अल्लाहच्या नकळत गळत नाही, असे सूरह अल-अन्‌आमची ५९ वी आयत सांगते. ज्याचा हिशेब ठेवला जातो, ते पान क्षुल्लक कसे?

आता नक्काशाकडे वळू. काश्मिरी पेपर-माशीत एक कारागीर कागदाच्या लगद्यापासून डबी घडवतो, दुसरा ती रंगवतो. झेलमच्या काठावरील खानकाह-ए-मौलाच्या भिंतींवर व छतावर हीच कला नांदते आहे. चिनाराची एक शीर रेखायची तर ती कोठून फुटते, कोठे वळते, हे पाहावेच लागते. पर्यटक भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपून क्षणात पुढे जातो. नक्काश त्याच पानापाशी तासन्‌तास बसतो. गफलतीचा आरोप करायचाच, तर दोघांपैकी कोणावर करावा?

घरातले मूल झाडे-पाने रंगवू लागले की काही पालक धास्तावतात. सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये जी चर्चा आहे ती येथे नको. पण चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडांची आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढण्याचा सल्ला दिला होता, हे सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेले आहे. तेव्हा त्या मुलाच्या हातातला रंग काढून घेऊ नका. त्याला एवढेच विचारा, की हे पान कोणत्या झाडाचे, ते पिवळे का झाले, आणि याच्या आधी ते कसे होते.

श्रीनगरमध्ये गळलेली चिनाराची पाने झाडून गोळा करतात आणि जाळून त्यांचा कोळसा करतात. हिवाळ्यात तो कांगडीत घालतात. बाहेर बर्फ पडत असताना फेरनखाली तीच ऊब घेऊन नक्काश डबीवर पुढचे पान रंगवत असतो.