ठाण्यातली करुणा कागदावर उतरावी लागते

परळीहून बीडच्या रस्त्याला लागले की वाटेत सिरसाळा येते. आसपासच्या वाड्या-तांड्यांचे हे व्यवहाराचे गाव, आणि त्यांचे पोलीस ठाणेही इथेच. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणायचे आणि कोयत्यामागे मुकादमाकडून उचल घ्यायची. ती फेडून माणसे परततात तोवर उन्हाळा लागलेला असतो. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे.

इथल्या ठाण्यातल्या तक्रारींनाही म्हणून हंगाम असतो. जाण्याआधी उचलीचे तंटे. मधल्या काळात बंद घरांच्या चोऱ्या आणि मागे राहिलेल्या पोरींची काळजी. परत आल्यावर हिशेबाची भांडणे. हे वेळापत्रक ज्या अंमलदाराला पाठ आहे, तो समोरच्या माणसाला अर्ध्या वाक्यात ओळखतो.

दयाळू पोलिसांच्या बातम्या आपल्याला आवडतात. कुणी अनाथ पोरांना वह्या दिल्या, कुणी वाट चुकलेल्या आजीला घरी पोचवले. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पोलिसाची करुणा मी त्याच्या लेखणीत शोधतो. तो काय लिहून घेतो, कुणाचे लिहून घेतो आणि कोणत्या शब्दांत लिहितो, यावर गरिबाचे पुढचे आयुष्य ठरते.

उचलीचेच घ्या. मुकादम ठाण्यात येतो तो नोटरी केलेला कागद घेऊन: पैसे घेतले, माणूस कामाला आला नाही, फसवणूक झाली. मजुराकडे कागद नसतो. मागच्या हंगामात किती टन तोडले, किती खाडे पडले, किती वळते झाले, हे सगळे मुकादमाच्या वहीत. ज्याला हा धंदा माहीत आहे, तो पोलीस आधी ती वही मागवतो. उचलीपोटी कुणाला कारखान्याच्या तळावर अडकवून ठेवले असेल, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तोच गुन्हा आहे, हेही त्याला ठाऊक असते. ज्याला हे ठाऊक नाही, तो कागदवाल्याचे खरे मानतो. त्याच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही.

दुसरा कागद याहून जड आहे. शेतकऱ्याने विष घेतले की अकस्मात मृत्यूची नोंद होते, हवालदार शेतात जाऊन पंचनामा करतो. बाटली कुठे पडली होती, तोंडाला फेस होता का, पंच कोण. मग कुणीतरी पुढारपण करत सांगतो, ‘साहेब, प्यायची सवय होती,’ आणि ते वाक्य कागदावर जाते. शेतकरी आत्महत्येला सरकार एक लाख रुपयांची मदत देते, पण प्रकरण पात्र की अपात्र हे नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा यांची कारणे तपासून ठरते. त्या तपासणीत पोलिसांचे कागदही असतात. व्हिसेराचा अहवाल यायच्या कितीतरी आधी लिहिलेले ते एक वाक्य विधवेच्या वाटेत उभे राहते. हवालदाराने खोटे लिहावे, असे कुणीच म्हणणार नाही. पण सोसायटीचे कर्ज किती होते, सावकार घरी येत होता का, बोअरला पाणी होते का, हे त्याने विचारलेच नाही तर कागदावर फक्त दारूच उरते. आणि त्या बाईचा जबाब तिला बोलता येईल त्या दिवशी घ्यावा. प्रेताशेजारी बसवून घेतलेल्या जबाबात ती काय सांगणार?

सगळ्यात अवघड प्रसंग दवाखान्यातून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४३ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. याची मुळे बरीचशी कोयत्यातच आहेत. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि जोडी झाली की एक कोयता वाढतो. मग सतरा वर्षांची पोर बाळंतपणाला येते, डॉक्टर कायद्याने बांधलेले असतात, ते ठाण्याला कळवतात. नवरा आरोपी होतो, आणि बालविवाह लावून दिला म्हणून आईबापही. गुन्हा नोंदवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पोलिसाला नाही आणि नसावाही. कायदा त्या पोरीसाठीच आहे. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २४ मध्ये तपासाची रीत लिहून ठेवली आहे. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, अंगावर गणवेश नसावा, मुलीला रात्री ठाण्यात ठेवू नये. कायद्याने आधीच आखून दिलेली ही माणुसकी आहे. ती पाळायला वेळ लागतो, गाडी लागते, महिला अधिकारी लागते. ग्रामीण ठाण्यात नेमकी यांचीच ओढाताण.

‘आपसात मिटवून घ्या’ हे वाक्य मात्र मी करुणेत धरत नाही. २००७ मध्ये आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिने बांधाचे, धुऱ्याचे पुष्कळ तंटे गावातच मिटवले आणि ते बरेच झाले. पण मार खाऊन आलेल्या बाईची अदखलपात्र नोंद करून नवऱ्याला समज देणे म्हणजे तिला परत त्याच घरात पाठवणे. बीड जिल्ह्यातल्याच मस्साजोगचे प्रकरण तर सगळा महाराष्ट्र जाणतो. ६ डिसेंबर २०२४ ला पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर मारहाण झाली आणि ९ डिसेंबरला सरपंच संतोष देशमुखांचे अपहरण करून खून झाला. पहिल्याच तक्रारीची दखल नीट घेतली गेली नाही, असा आरोप झाला, एका उपनिरीक्षकाचे निलंबनही झाले. माणसे ओळखण्यात ठाण्याचा एक धोका असतो, तो इथे दिसतो: पोलिसाच्या ओळखी फक्त वजनदारांशी जुळल्या, तर ती ओळख गरिबाच्या मुळावर येते. त्यानंतर, २०२५ मध्ये, बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावे काढायला लावली. पाट्या बदलल्याने जात जात नाही, हे खरेच. तरी तक्रार द्यायला आलेल्या माणसाचे डोळे आधी त्या पाटीवर जातात, आणि आडनाव वाचून तो किती बोलायचे ते ठरवतो. तेवढी भीती कमी झाली तरी मला ते मोलाचे वाटते.

महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे ठाण्यातल्या अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, शिपाई-हवालदारांचा पाच वर्षांचा. म्हणजे प्रभारी साहेबांच्या वाट्याला ऊसतोडीचे दोनच हंगाम येतात. पहिला समजून घेण्यात जातो, दुसरा संपतो तोवर बदलीचा आदेश येतो. इथले खरे शहाणपण बीट हवालदाराच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबरच निघून जाते. ते लिहून ठेवता येईल. कोणत्या वस्तीवरची कोणती टोळी, मुकादम कोण, कारखाना कोणता, बरोबर पोरे किती, मागे म्हातारे कुणाच्या आधाराने राहिले, याची एक वही पोलीस पाटलाच्या मदतीने आठ दिवसांत भरते. जानेवारीत फोन आला की पोरगी दोन दिवस सापडत नाही, तर विचारायचे कुणाला हे त्या वहीत असेल. टोळ्या निघायच्या आधी ती भरावी. सिरसाळ्यापासून सुरुवात व्हायला हरकत नाही.