मुग्धा, हा ऑस्टिओपोरोसिस नव्हे

चि. मुग्धास,


तुझे रिपोर्ट मोबाइलवर पाहिले. ड जीवनसत्त्व 6, फॉस्फरस कमी, कॅल्शियम काठावर, अल्कलाइन फॉस्फेटेज 340. खाली तुझा प्रश्न, ‘आत्या, आजीसारखा ऑस्टिओपोरोसिस मला एकतिसाव्या वर्षीच झाला का?’ नाही. तुझ्या डॉक्टरांनी लिहिलंय तो ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं. ड जीवनसत्त्वाच्या याच कमतरतेने लहान मुलांना मुडदूस होतो. दोन्ही आजारांत घनतेच्या तपासणीत आकडा कमीच येतो, त्यामुळे घोटाळा होतो. आणि आजीची हाडं घट्ट करणारी ती आठवड्याची गोळी तू स्वतःहून घेतलीस तर कॅल्शियम आणखी खाली जाईल, म्हणून आधी हे पत्र नीट वाच.

हाड काही एकदा तयार होऊन तसंच राहत नाही. जुनं झिजतं, नवं घडतं, हे आयुष्यभर चालू असतं. नव्या हाडाचा आधी प्रथिनांचा सांगाडा बनतो, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट बसतं. आजीच्या हाडात या दोन्ही गोष्टींचं प्रमाण ठीक आहे, पण एकूण हाडच कमी झालंय. तुझ्या हाडात स्लॅबच्या सळया बांधून झाल्यात आणि सिमेंट पोचलेलं नाही. अशा हाडावर भार पडला की ते दुखतं. तुझी कंबर, खुबे, बरगड्या दुखतात, नडगीवर अंगठा दाबला की कळ येते, ते यामुळेच.

हाडांपेक्षा मला तुझ्या मांड्यांची जास्त काळजी वाटली. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिन्यात कठडा धरावा लागतो, असं तू जाता जाता लिहिलंस. मला ती सगळ्यात मोठी खूण वाटते. या आजारात खुबे आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, चाल डुलती होते. आपल्याकडे बाई असं म्हणाली की ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून तिला शेक घ्यायला सांगतात. कधी संधिवात म्हणतात, कधी मनाचा ताण. अल्कलाइन फॉस्फेटेज, फॉस्फरस, कॅल्शियम आणि ड, एवढ्या साध्या तपासण्या केल्या तरी संशय पक्का होतो. एक्स-रेमध्ये कधी मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात बारीक आडवी रेघ दिसते. मोडल्यासारखी दिसणारी ती जागा म्हणजे न भरलेलं हाड.

आता तुझ्याच बाबतीत हे का झालं? दोन बाळंतपणं लागोपाठ, वर अंगावर पाजणं. रात्रपाळीचं काम, दिवसा झोप. गाडीवर निघालीस तर पुण्याच्या रिवाजाप्रमाणे स्कार्फ, हातमोजे, फक्त डोळे उघडे. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं ते अतिनील-ब किरणांनी, आणि ते किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक आपण फार करतो, पण त्यात ते किरण फार थोडे असतात. दहा-अकराच्या पुढचं ऊन हवं, आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ. हे आजचं नाही. 1922 साली हचिसन आणि शहा यांनी मुंबई इलाख्यातल्या मुडदुसावर आणि मोठ्यांच्या या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा घरात पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या घरांत तो सापडला, उन्हात राबणाऱ्या गरिबांत क्वचितच.

उपचार सोपे आहेत, म्हणूनच लोक ते बिघडवतात. डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दिली आहे. दुधातून घे, ते चरबीत विरघळतं. रोज घेऊ नकोस. अशी चूक खरंच होते आणि रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, सतत तहान, मूत्रपिंडाला इजा, इथपर्यंत जातं. बरं वाटतंय म्हणून त्यावर लाखांच्या युनिटांचं इंजेक्शनही टोचून घेऊ नकोस. सोबत कॅल्शियम हवंच, नुसत्या ड ने काम भागत नाही. दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं. दूध-दही, तीळ, नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण भिजवून मोड आणलेली बरी, नाहीतर त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही.

दुखणं काही आठवड्यांत उतरेल. मांड्यांचा जोर यायला काही महिने लागतात. फॉस्फेटेज सगळ्यात हट्टी, सुरुवातीला थोडं वाढलं तरी घाबरू नकोस. तोवर धाकटीला उचलून जिना चढू नकोस, आणि व्यायामशाळेत वजनं उचलायचं खूळ डोक्यातून काढ.

एक मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचार. ड भरून निघालं तरी फॉस्फरस खालीच राहिला, तर कारण वेगळं शोधावं लागतं. मूत्रपिंडातून तो गळत असेल, किंवा क्वचित अंगात एखादी छोटी गाठ असते, ती असा पदार्थ सोडते की फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं. शिरेतून लोह दिल्यानंतरही काहींचा फॉस्फरस घसरतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर तुला लोहाचं सलाइन लावलं होतं, ते आणि त्याचं नाव सांग. गव्हाने पोट बिघडतं का, कोणाला फिटच्या गोळ्या चालू आहेत का, असंही विचारतील. तुझ्या नवऱ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत ना? फिटच्या काही गोळ्यांनी ड जीवनसत्त्व लवकर संपतं. त्याचीही तपासणी करून घ्या, गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत.

आठ आठवड्यांनी रक्त दिलंस की फॉस्फरसचा आकडा आधी कळव.

तुझी,
माई आत्या