देवाचा उशीर, कोर्टाचा उशीर

कोर्टात खेटे घालून दमलेल्या माणसाला घरातले वडीलधारे सांगतात, देवाच्या घरी देर आहे, पण अंधेर नाही. या धीरामागे कर्मसिद्धांत उभा आहे: केलेले कर्म वाया जात नाही, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी फळ देतेच. श्रद्धा म्हणून मी त्याचा मान राखतो. पण हाच धीर आपण न्यायालयाच्या कारभारालाही लावू लागलो आहोत, आणि तिथे तो लागू पडत नाही. देवाच्या हिशेबात साक्षीदार विसरत नाही, कागदाला वाळवी लागत नाही आणि फिर्यादीला हवे तितके जन्म आहेत. माणसाने कोर्ट उभारले ते ज्याच्या पदरी एकच आयुष्य आहे त्याच्यासाठी. देवाचा उशीर उसना घेण्याचा अधिकार त्या कोर्टाला नाही.

मराठीत 'काळ' म्हणजे वेळही आणि मृत्यूही. वाटपाच्या दाव्यात हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. पट्टेवाला दारात उभा राहून पुकारा करतो, वकील मुदतीचा अर्ज देतात, रोजनाम्यात पुढची तारीख पडते. काही वर्षांनी त्याच दाव्यात वादीच्या नावाला 'मयत' जोडले जाते आणि खाली वारसांची नावे येतात. कोर्टाने अजून काहीच ठरवलेले नसते, पण इतक्या वर्षांचे पीक ज्याच्या कब्जात जमीन आहे त्यानेच घरी नेलेले असते. म्हणजे निकाल लागलेलाच असतो. तो कुणी लिहिलेला नसतो, म्हणून त्यावर अपीलही करता येत नाही. फौजदारीत हे अधिकच उघडे पडते. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कच्चे कैदी समोर आले, की कमाल शिक्षा झाली असती तरी ते एव्हाना सुटले असते. जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले. आजही देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत.

घाईत न्याय बिघडतो, हा आक्षेप खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये खटल्यांना सरसकट कालमर्यादा घालायला नकार दिला, तो मला योग्यच वाटतो. पण दाव्याची वर्षे विचार करण्यात जात नाहीत, ती रांगेत जातात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. रोजचा बोर्ड ओसंडून वाहत असलेल्या न्यायाधीशाला एकेका प्रकरणासाठी मोजकी मिनिटेच मिळतात, त्यामुळे उशीर आणि घाई दोन्ही एकाच टंचाईतून येतात. विधी आयोगाने १९८७ मध्येच मोजून सांगितले होते: दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते ५० हवेत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच आकडा पाच वर्षांत गाठायला सांगितले. आज आपण विशीच्या जरा पुढे आहोत, तेही मंजूर पदे धरून. खालच्या न्यायालयांतल्या सुमारे २५ हजार मंजूर पदांपैकी जवळपास ५ हजार रिकामी असतात.

न्यायाधीश वाढवले तर दावेही वाढतील, असे काही जण म्हणतात. वाढतील, काही प्रमाणात. पण 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे म्हणत ज्यांनी अन्याय गिळला, त्यांचेच हे दावे असतील. अन्याय तर आधीपासून होताच, फक्त त्याची नोंद नव्हती. दुसरी अडचण आपल्या मनातली आहे: न्याय म्हटला की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात, नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे. तो निःस्पृहपणा हवाच. पण त्या आठवणीने आपल्याला एक चुकीची सवयही लावली: न्याय हा एखाद्या थोर माणसाच्या धैर्याचा प्रश्न आहे, असे आपण धरून बसलो. पदे भरण्याचा, इमारतींचा, लघुलेखकांचा प्रश्न आपल्याला धर्माचा वाटतच नाही. तो धर्माचाच आहे, कारण ज्या राज्याने लोकांच्या हातातला बदला काढून घेतला, त्याच्यावर निवाडा देण्याचे ऋण आहे.

वादी मरण पावला, तर वारसांनी ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्याचा दावा संपुष्टात येतो. साधा दिवाणी दावा किती वर्षांत संपलाच पाहिजे, याला मात्र कसलीही सक्तीची मुदत नाही.